संगीतावर लिहायला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं ऐकायची आवड आहे, ऐकलेल्याबद्दल चार जणांशी तासन् तास बोलायलाही आवडतं, आणि आता ते लिहून काढावंसं वाटतंय, अशांच्या मनात येणारे हे प्रश्न. उत्तरं देताना एकच आग्रह धरला आहे: आधी काय ऐकू आलं ते सांगा, मग काय वाटलं ते.

मी गाणं शिकलेलो नाही. संगीतावर लिहायचा मला अधिकार आहे का?

आहे. गाणं ऐकणाऱ्यापर्यंत पोचावं म्हणूनच गायलं जातं, आणि ते कसं पोचलं हे ऐकणाराच सांगू शकतो. मराठीत संगीतावर ज्यांनी अतिशय गांभीर्याने लिहिलं त्यांतले वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. मात्र त्यांनी गाणं मनापासून शिकून, वर्षानुवर्षं ऐकून कान तयार केला होता, हेही विसरून चालणार नाही. पोट कशावर चालतं हे कोणी विचारत नाही. कानाला किती वेळ दिलात ते लिखाणात दिसतंच.

जमलं तर थोडं शिका मात्र. गायक व्हायचं नाहीये. पेटीवर सा धरून त्यात आपला सा मिसळतोय का ते बघणं, टाळी आणि खाली (जिथे टाळी न देता हात बाजूला करतात ती जागा) दाखवत हातावर त्रितालाच्या १६ मात्रा मोजणं, एवढ्यानेही ऐकण्यात फरक पडतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं म्हणजे काय हे ज्याने स्वतःच्या हाताने मोजून अनुभवलंय, त्याला ती सम दुसऱ्याच्या गाण्यात आपोआप दिसायला लागते.

कशापासून सुरुवात करू? एवढं संगीत आहे की निवडच करता येत नाही.

जे तुम्ही कोणी न सांगता पुन्हा पुन्हा लावता, त्यापासून. लोक नेमकं उलटं करतात: पहिलाच लेख ‘महत्त्वाच्या’ कलाकारावर लिहायला घेतात आणि तिसऱ्या परिच्छेदात अडकतात, कारण त्या कलाकाराबद्दल वाचलेलं भरपूर असतं आणि ऐकलेलं थोडं.

विषयही लहान घ्या. ‘ठुमरी’ हा विषय नाही, तो आयुष्यभराचा अभ्यास आहे. एकच ठुमरी दोन गायिकांनी गायली आहे, त्यात एकच ओळ दोघी कशी वेगवेगळी सांगतात, हा विषय आहे. एका गाण्यातली सुरुवातीची सतार किंवा एका ढोलकीवादकाचा हात यांवर अख्खा लेख होऊ शकतो. विषय जितका आटोपशीर, तितकं तुम्हाला बारकाईने ऐकावं लागतं.

लिहिण्याआधी एखादं गाणं किती वेळा ऐकावं?

आकडा नाही, पण एकदा ऐकून लिहू नका. निदान एकदा काहीही न करता, नुसतं. एकदा कागद-पेन घेऊन. एकदा फक्त तालाकडे लक्ष देऊन, एकदा फक्त मागच्या वाद्यांकडे. आणि मध्ये एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं न लावता त्यातलं काय आठवतं ते लिहून ठेवा. ते बहुतेक वेळा लेखाचं मध्य असतं.

एक धोकाही आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत राहिली तरी ती आवडायला लागते. गाण्यांच्या बाबतीत याचा अनुभव सगळ्यांनाच आहे: सुरुवातीला कंटाळवाणं वाटलेलं गाणं सतत कानावर पडून आठवड्याभरात ओठांवर येतं. म्हणून पहिल्यांदा ऐकतानाची प्रतिक्रिया वेगळी, तारखेसकट लिहून ठेवा. विसाव्या वेळी आवडलं, ते गाण्यात काही सापडलं म्हणून की नुसती सवय झाली म्हणून, हे तपासायला तीच नोंद उपयोगी पडते. सवयीने आवडणं वाईट नाही, फक्त ते कौतुक म्हणून लिहिताना स्वतःला विचारून घ्यावं.

ऐकताना टिपणं कशी काढायची?

वेळ टाकून. वहीतलं एखादं पान साधारण असं दिसावं:

०:०० – नुसती सारंगी. ठेका नाही. तानपुरा आहे का? पुन्हा ऐक.
०:२२ – तबला आला. मोजल्या तर ६ मात्रा, दादरा.
०:४० – मुखडा. शेवटचं अक्षर सोडून देते, लांबवत नाही.
१:३५ – पहिला अंतरा वर जातो. आवाज बारीक होतो, पण ताणलेला नाही.
२:१० – सारंगी तिचीच ओळ उलटून म्हणते!
३:०२ – तबला थांबला. का? दोन ओळी नुसत्या.
३:२० – मुखडा परत, पण आता शेवटचं अक्षर लांबवलं.

बघा, इथे ‘सुंदर’ हा शब्द कुठेही नाही, तरी लेख जवळजवळ तयार आहे. मुखड्याचं शेवटचं अक्षर सुरुवातीला सोडून दिलं होतं आणि शेवटी ते लांबवलं. मधे काय घडलं की ते लांबवावंसं वाटलं? या एका प्रश्नाच्या मागे गेलात की वाचक तुमच्यासोबत ते गाणं पुन्हा ऐकायला बसतो. टिपणात प्रश्नचिन्हं आणि उद्गारचिन्हं मुक्तपणे टाका. कान जिथे दचकला तिथे उद्गारचिन्ह येतं, आणि त्या जागा नंतर आठवून सापडत नाहीत.

‘आवाज गोड आहे’, ‘गाणं अप्रतिम झालंय’ याच्या पुढे जाताच येत नाही. काय करू?

हा सगळ्यांना येणारा अडथळा आहे, आणि याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं.

समजा, तुम्ही लिहिलंत: ‘गायिकेचा आवाज अतिशय मधुर असून तिने हे गाणं भावपूर्ण गायलं आहे.’ हे वाक्य हजारो गाण्यांना चिकटवता येईल, म्हणजे ते यांतल्या एकाही गाण्याबद्दल नाही. आता स्वतःला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारा. मधुर म्हणजे कुठे? खालच्या सुरांत की वरच्या? आवाज भरदार आहे की त्यात हवा मिसळलेली आहे? शब्दाच्या आधी श्वास ऐकू येतो का? सुरावर थेट उतरते की खालून मींडेने, म्हणजे न तुटता घसरत, येते? ‘भावपूर्ण’ नेमकं कुठल्या शब्दावर वाटलं?

उत्तरं जमवून वाक्य पुन्हा लिहिलं की ते असं काहीतरी होतं: ‘“दूर” या शब्दाचा ऊकार ती पूर्ण म्हणत नाही, सूर लागताच आवाज मागे घेते, आणि उरलेला शब्द सारंगी पुरा करते.’ आता वाचकाला काहीतरी ऐकू आलं. यापुढे ‘त्यामुळे ते दूरपण सांगितल्यासारखं न वाटता घडल्यासारखं वाटतं’ असं म्हटलंत तर तो मान्य करेल, कारण पुरावा तुम्ही आधीच दिला आहे.

आवाजाचं वर्णन करताना चार दिशांनी बघायची सवय लावा: उंची, जोर, जात आणि हालचाल. सूर किती वरचा आहे. किती दाब देऊन लावला आहे. आवाजाची जात कशी आहे, म्हणजे पातळ, घोगरा, अनुनासिक, धारदार, खुला. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर तो कसा जातो: उडी मारून, घसरत, कंप घेत की गमकेचे, म्हणजे सूर जोरात हलवून दिलेले, धक्के देत. सगळ्या दिशांनी प्रत्येक वेळी लिहायचं नसतं. पण अडकलात की या प्रश्नांपैकी एखाद्याला उत्तर सापडतंच.

आणि विशेषणांची एक वैयक्तिक बंदीयादी करा. माझ्या यादीत ‘जादुई’, ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध’, ‘काळजाला भिडणारं’ आणि ‘अजरामर’ हे शब्द आहेत. ते शब्द खोटे नाहीत, पण वापरून वापरून त्यांतून आता काही ऐकू येत नाही. बंदी घातली की हात आपोआप दुसरं काहीतरी शोधतो.

पारिभाषिक शब्द किती वापरायचे? मींड, खटका, आवर्तन हे सगळ्यांना कळतं का?

सगळ्यांना नाही, पण म्हणून ते टाळायचे असंही नाही. एका लेखात अनोळखी वाटतील असे दोन-तीन शब्द पुरे, आणि प्रत्येक शब्द पहिल्यांदा येतो तिथेच तो वाक्यातून समजला पाहिजे. ‘रूपक तालात सात मात्रा असतात आणि त्याचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, खालीपासूनच सुरू होतं, म्हणून ठेका सतत पुढच्या पावलाच्या तयारीत असल्यासारखा वाटतो’ या वाक्यात रूपकही कळला आणि तो इथे का सांगितला तेही. नुसतं ‘गाणं रूपकात बांधलं आहे’ असं लिहून सोडून दिलं, तर जाणकाराला ते आधीच माहीत असतं आणि नवख्याच्या पदरात काही पडत नाही.

राग ओळखता येत नाही. ओळखता आल्याशिवाय शास्त्रीय संगीतावर लिहू नये का?

लिहा. पण अंदाजाने रागाचं नाव ठोकून देऊ नका. नाव कलाकाराने सांगितलं असेल किंवा ध्वनिमुद्रणावर छापलं असेल तेवढंच लिहा. सुरांची यादी जुळली म्हणजे राग सापडला असं नसतंच. भूप आणि देशकार दोन्हींत तेच पाच सूर: सा रे ग प ध. तरी भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). भूप सप्तकाच्या खालच्या अर्धात रमतो, देशकार वरच्या. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, दुसरा सकाळी. कुठल्या सुरावर थांबायचं एवढ्या एका गोष्टीने सगळं व्यक्तिमत्त्व बदलतं.

नवख्या लेखकासाठी ही जोडी म्हणजे उत्तम व्यायाम आहे. एकाच कलाकाराचे दोन्ही राग मिळाले तर ते लागोपाठ ऐका आणि आवाज कुठे विसावतो तेवढंच टिपा. नाव न घेता केलेलं असं वर्णन, नाव घेऊन केलेल्या पोकळ स्तुतीपेक्षा कितीतरी मोलाचं असतं.

मी लिहितो तेव्हा शब्दांबद्दलच जास्त लिहिलं जातं. ते चूक आहे का?

गाण्यावरचे निम्मे लेख खरं तर कवितेवरचे असतात. शब्द कागदावर दिसतात, त्यांचा अर्थ सांगता येतो, म्हणून हात तिकडे वळतो. शब्दांबद्दल जरूर लिहा, पण चालीने त्यांचं काय केलं हा प्रश्न सोडू नका.

मराठीत याला फार छान जागा आहे, कारण आपल्याकडे वृत्ताचा हिशेब आणि तालाचा हिशेब दोन्ही मात्रांतच होतो. भुजंगप्रयाताची ओळ घ्या: लगागा लगागा लगागा लगागा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे गणाच्या ५ आणि ओळीच्या २०. झपताल १० मात्रांचा. ओळ दोन आवर्तनांत जशीच्या तशी बसते. पण संगीतकार कितीदा तरी ती तशी बसवत नाही. गुरू अक्षरं आणखी लांबवून, मधे जागा सोडून ती आठ मात्रांच्या केरव्यात नेतो. मग कुठलं अक्षर लांबलं? जे लांबलं त्यावर अर्थाचा भार आहे का, की नुसती मात्रा भरायची होती? ओळ जिथे अर्थाने तुटते तिथेच चाल तुटते, की चाल तिला पुढच्या ओळीत ओढून नेते? कविता आणि गाणं यांच्यातलं अंतर इथे मोजता येतं, आणि चांगल्या संगीतकाराचं काम सर्वांत स्पष्ट दिसतं तेही इथेच.

भाषाच कळत नसेल तर त्या गाण्यावर लिहू का?

लिहा, आणि भाषा येत नाही हे पहिल्या परिच्छेदात सांगा. शब्दांचा अर्थ ती भाषा जाणणाऱ्याकडून विचारून घ्या. अर्थ कळण्याआधी काय वाटलं आणि कळल्यावर काय बदललं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

महागडे हेडफोन, स्पीकर घ्यावे लागतात का?

नाही. साधा पण कानावर नीट बसणारा हेडफोन आणि शांत खोली पुरेशी आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकून मात्र लिहू नका. खर्जातले सूर, तबल्याचा बायां (डाव्या हाताने वाजवायचा भाग) आणि बास गिटार तिथे जवळपास गायब असतात, आणि तुम्ही ‘ठेका पोकळ आहे’ असं लिहून बसाल.

उपकरणापेक्षा आवाजाची पातळी महत्त्वाची आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. त्यामुळे तेच गाणं जरा मोठ्याने लावलं की जास्त भरीव, जास्त चांगलं वाटतं. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून घ्या. नाहीतर तुम्ही कलाकारांची नाही, आवाजाच्या बटणाची तुलना करत असता.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना खरखरीपलीकडे काही कळत नाही. त्यावर लिहायचं कसं?

आधी ती कशी मुद्रित झाली ते समजून घ्या. मग खरखर मागे पडते. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर गायचं, त्या आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि तबकडीवर रेघ उमटायची. विद्युत ध्वनिमुद्रण आलं १९२५ च्या सुमारास. म्हणजे त्याआधीच्या गायकाने आवाज चढा का लावला, असा प्रश्न विचारताना समोर कर्णा होता हे आठवायला हवं. मायक्रोफोन आल्यावरच कुजबुजल्यासारखं गाणं तबकडीवर येऊ शकलं.

दुसरी गोष्ट वेळेची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा ख्याल त्यात घालायचा, तर आलाप किती, बंदिश किती, ताना कुठे, याचा निर्णय गायकाला आधीच घ्यावा लागे. काही गायकांनी तेवढ्यात रागाचं पूर्ण चित्र उभं केलं, काही घाईत राहिले. यावर लिहिता येईल असं केवढं तरी आहे! कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली, तेव्हा तोच कलाकार मोकळा होऊन काय करतो ते शेजारी ठेवून ऐका. फिरकीचा वेग बदलला की सूरही बदलतो, हेही ध्यानात असू द्या. जुनी तबकडी चुकीच्या वेगाने वाजवून उतरवली असेल तर सूर चढलेला किंवा उतरलेला ऐकू येतो. म्हणून जुन्या गायकाची पट्टी, म्हणजे त्याने सा कुठे धरला ते, ठामपणे सांगण्याआधी तीच तबकडी दुसरीकडून उतरवलेली मिळाली तर जुळवून बघा.

कलाकारांची, वादकांची माहिती कुठून घ्यायची?

तबकडीचं वेष्टण, कॅसेटची आतली चिठ्ठी, सीडीसोबतची पुस्तिका: जवळचे स्रोत हेच. गाणं वाजवणाऱ्या अॅपमध्ये दिलेलं साल बहुतेकदा पुनःप्रकाशनाचं असतं, मूळ गाण्याचं नाही. पन्नास वर्षं जुन्या गाण्यासमोर अलीकडचं साल दिसलं तर तेच कारण. दोन ठिकाणी पडताळलं नाही ते साल लिहू नका. ‘सुरुवातीच्या काळातलं’ एवढं लिहिलं तरी चालतं.

गायक आणि संगीतकार यांच्यापाशी थांबू नका. गीतकार, संगीत संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक यांची नावं शोधा आणि लिहा. तुम्हाला आवडलेला सुरुवातीचा तुकडा अनेकदा संयोजकाच्या डोक्यातून आलेला असतो, आणि बासरीची ती जागा बासरीवाल्याची असते. नाव न सापडल्यास ‘बासरीवादकाचं नाव मिळालं नाही’ असं लिहा. कधीतरी एखादा वाचक ते कळवतो.

मैफलीवर लिहिताना वेगळं काय?

पुन्हा ऐकायची सोय नसते, हाच मुख्य फरक. लहान वही, अंधारात लिहिता येईल असं मोठं अक्षर, आणि प्रत्येक चीज (बंदिश) सुरू झाल्याची वेळ. साथीदारांची नावं सुरुवातीलाच उतरवून घ्या. ध्वनिव्यवस्था खराब असेल तर तिचा दोष गायकावर टाकू नका: तबला दबलेला ऐकू आला तो तबलजीमुळे की ध्वनिक्षेपकामुळे, याचा विचार करून लिहा. कुठे बसला होतात तेही सांगा.

मैफलीत साथ ऐकायची संधी मिळते, ती सोडू नका. पेटीवाला गायकाच्या मागोमाग किती अंतराने येतो, गायक थांबतो तेव्हा तो जागा भरतो की शांत राहतो, तबलजी ठेका धरून ठेवतो की मधेच काहीतरी म्हणतो, आणि त्यावर गायकाची मान हलते का. ध्वनिमुद्रणात हे हरवतं. लेख त्याच रात्री लिहा. तयार नसला तरी कच्चा. परवानगीशिवाय फोनवर मुद्रण करू नका, आणि पडदा उजळवून शेजाऱ्याचं ऐकणं बिघडवू नका.

जे आवडलं नाही त्यावर लिहावं का?

सुरुवातीला कमी, पण टाळूही नका. फक्त कौतुक करणाऱ्याच्या कौतुकाला किंमत उरत नाही. न आवडलेल्या गाण्यावर लिहिताना दुप्पट वेळा ऐका, आणि दोष जिथे आहे ती जागा दाखवा. ‘चाल उसनी वाटते’ हे मत झालं. ‘अंतऱ्याची पहिली ओळ मुखड्याचीच ओळ एक सूर वर नेऊन म्हटलेली आहे, दुसरा अंतराही तसाच’ ही तक्रार झाली, आणि तिला उत्तर देता येतं. माणसाच्या दिसण्यावर, वयावर, घराण्याच्या भांडणांवर घसरू नका.

नवीन, अनोळखी कलाकारांबद्दल मात्र मन मोकळं ठेवा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी १८३१ मध्ये पोलिश संगीतकार शोपँ यांच्या एका रचनेवर लिहून त्यांचं भरभरून स्वागत केलं, तेव्हा दोघंही जेमतेम एकविशीतले होते. दोघांचाही जन्म १८१० चा. आपल्याच वयाच्या, अजून नाव न झालेल्या माणसाचं मोठेपण ओळखून तसं छापील लिहायला धीर लागतो. तो धीर करा. प्रस्थापितांची शंभरावी स्तुती करण्यापेक्षा ते काम कितीतरी गरजेचं आहे.

कलाकार मित्र असेल, किंवा तिकीट फुकट मिळालं असेल तर?

लेखातच सांगून टाका, एका वाक्यात. जवळच्या मित्रावर मी समीक्षा लिहिणार नाही. मुलाखत घेईन किंवा त्याच्या कामाची प्रक्रिया सांगेन. लेख छापण्याआधी कलाकाराला ‘तपासायला’ देऊ नका. नाव, साल, पट्टी यांसारखी माहिती विचारून घ्यायला हरकत नाही, मत मात्र तुमचंच राहू द्या.

गाण्याच्या ओळी, ध्वनिफीत, फोटो वापरता येतात का?

एका गाण्यात निदान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. शब्द जुने होऊन मुक्त झाले असले तरी गेल्या वर्षी केलेलं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं.

लेखन-कलेच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार (मूळ करार १८८६ चा) समीक्षेसाठी गरजेपुरता उतारा, मूळ आणि कर्त्याचं नाव देऊन घेता येतो. गरजेपुरता म्हणजे ज्या ओळीबद्दल बोलताय तेवढीच. पूर्ण गाणं उतरवून खाली दोन वाक्यं लिहिली तर ती समीक्षा होत नाही. हक्काची मुदत देशोदेशी वेगळी आहे: या करारात कर्त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०. फोटोचा हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो, ज्याचा फोटो आहे त्याचा नाही, म्हणून परवानगी छायाचित्रकाराची घ्या. गाणं ऐकवायचं तर अधिकृत ठिकाणाचा दुवा द्या. स्वतः उचलून चढवू नका. कलाकाराला मिळायचे ते पैसे त्याला मिळू द्या.

लेख किती मोठा असावा, आणि किती दिवसांनी लिहावा?

सांगण्यासारखं संपलं की थांबावं. एका गाण्यावर पाचशे-सातशे शब्द सहज होतात. रोज लिहायचा नेम करू नका, त्यात ऐकायला वेळ उरत नाही. लिहिण्याच्या कितीतरी पट वेळ ऐकण्यात जायला हवा.

यातून पैसे मिळतात का?

सुरुवातीला जवळजवळ नाहीत. पुढे भाषणं, कार्यक्रमांची निवेदनं, ध्वनिमुद्रणांसोबतच्या टिपणांचं काम मिळू शकतं. पैसे देऊन अनुकूल लिहून घ्यायला येणारेही भेटतील. असं लिखाण घ्यायचंच असेल तर ते जाहिरात म्हणून, तसं स्पष्ट लिहून करा. समीक्षा म्हणून नको.

वाचकाने चूक दाखवली तर?

आभार मानून लगेच दुरुस्त करा, आणि काय बदललं ते तारखेसह खाली लिहा. चूक मताची नसून माहितीची असेल तरच हे लागू आहे. मताबद्दल वाद घालणाऱ्याला गाण्यातली जागा विचारा: कितव्या मिनिटाला? त्याने वेळ सांगितली, तर ती लावून ऐका. कधी त्याला तुमच्यापेक्षा जास्त ऐकू आलेलं असतं, आणि मग पुढचा लेख तिथूनच सुरू करता येतो.